फुगवटा

डॉक्टर, तुम्ही व्हर्नाच्या छातीच्या एक्स-रेवर 'हलल्यामुळे खराब' असा शेरा मारून तिला घरी पाठवलंत. आज फ्लॅगस्टाफच्या दवाखान्यात, माझ्या मागच्या बाकावर, ती शेजारच्या म्हाताऱ्या ऑर्विलला सांगत होती.

"गाठच होती, ऑर्विल. पण वेळेत काढली. कुठे पसरली नाही."

"सुटलीस, पोरी."

"तुम्ही हट्टानं परत दवाखान्यात पाठवलंत म्हणून. पण तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर दुर्बिणीवाले."

"प्लुटोच्या फोटोच्या काचांवर असाच फुगवटा दिसायचा. दुर्बीण हलली म्हणून मीच त्या काचा टाकाऊ ठरवायचो. मग एकानं विचारलं, बाजूचे तारे गोल कसे? तो फुगवटा म्हणजे प्लुटोचा चंद्र निघाला."

"तोच ना, परवा पेपरात आलेला? डोक्यावर तांबडा डाग असलेला?"

"तोच. सदतीस वर्षांनी यान जवळून गेलं, तेव्हा मेल्याचं तोंड दिसलं. म्हणून त्या दिवशी तुला विचारलं, एक्स-रेत फासळ्या कशा दिसतायत?"

"रेघ न् रेघ स्पष्ट."

व्हर्ना हलली होती, तर तिच्या फासळ्या कुणी धरून ठेवल्या होत्या? शेरा तुमचा आहे. उत्तर द्या.