कुणाच्या घड्याळात दहा?

...नाही, पण माझं चुकलं कुठे ते तरी सांगा! मी शिकतोय यंत्रं, जर्मन घेतलं ते नुसतं मायनर म्हणून... मायनर हो, मायनर! एवढुस्सा विषय! आतेभाऊ म्हणाला, "घेऊन टाक रे, गुण फुकट मिळतात," आणि मी घेऊन टाकला!

तुम्हाला सांगतो, भाषा एक वेळ परवडली, पण संस्कृती? आमच्या मॅडमनी वर्षभर एकच गोष्ट घोकून घेतली, "जर्मन माणसाकडे दहाला म्हणजे दहाला! पाच मिनिटं आधी गेलात तरी तो आगाऊपणाच! आणि समोरचा सव्वादहापर्यंत आला नाही तर सरळ उठा, आपल्याही वेळेला मान असतो!" म्हटलं, ठीक आहे, लावू सवय. आई तर हरखलीच, "वीस वर्षं मी घसा कोरडा केला, तेव्हा कुठे होते रे हे जर्मन?"

मग आली तोंडी परीक्षा. ही हुकली की पदवी अडकली, कळलं? परीक्षक खास जर्मनीहून आलेल्या बाई, माझी वेळ दहा ते साडेदहा. मी दहाच्या ठोक्याला टकटक केलं... आत कुणीच नाही! बसलो. सव्वादहा झाले. आता थांबू की उठू? म्हटलं, हीच परीक्षा असणार! उठलो, ताठ मानेनं कॅन्टीन गाठलं.

साडेदहाला मॅडमचा फोन, "अरे, कुठे उलथलास? बाई आल्यात!" धापा टाकत पोचलो. बाई हसून, अगदी सावकाश, चक्क मराठीत म्हणतात, "मी तुमची संस्कृती शिकले. मायनर! तुमच्याकडे वेळेवर गेलं तर बरं दिसत नाही. अर्धा तास थांबायचं." चला, म्हटलं, वाचलो! खुर्ची ओढतोय, तर बाईंनी घड्याळ पाहिलं, "तुमची वेळ साडेदहाला संपली," आणि माझ्यापुढे लिहिलं... गैरहजर! म्हणजे यायचं आपल्यासारखं आणि उठायचं त्यांच्यासारखं? डोकं चालेना हो माझं!

आता फेरपरीक्षा सहा महिन्यांनी. मॅडम म्हणाल्या, "दहाला ये." विचारलं, "कुणाच्या दहाला?" "बाईंना विचारून सांगते," म्हणाल्या.

तेव्हा ठरवलंय, डबा घेऊन सकाळी आठलाच दाराशी बसायचं. आई म्हणते, "एवढी मोठी परीक्षा आहे का रे?"

नाही गं आई... मायनर आहे. कुणाचे दहा ते ठरेपर्यंत संध्याकाळ होईल.