बोट वळून इथंच येती

हसलात न्हवं? बगितलं म्या. हसा की, त्यात काय — सगळेच हसत्यात. 'थायलंडला बेटावर राहिलेल्या वहिनी त्या तुमीच का' — आसं ईचारलंत, अन् ईचारतानाच ओठ दाबलेत. कुणी सांगितलं? ह्यांनीच न्हवं? व्हय, दुसरं कोण सांगणार. बसा — ती खुर्ची नको, तिचा पाय हलतोय — ही घ्या. हे वसुलीला जेवळी गावाला गेल्यात, येतील आता. माठातलं पाणी घ्या, ह्या उन्हाचं लातूरपास्नं मोटारसायकलवर आलाव, टाळू तापली आसंल. न्हाय, न्हाय, म्या रागावले न्हाय. तुमी कंपनीचे नवे साहेब, लोहाऱ्याला पहिल्यांदाच आलाव, तुमाला काय ठावं. तुमाला जे सांगितलं त्यावर तुमी हसलाव.

हे काय आणलंय? ह्या सालची स्कीम? दाखवा — आँ! तेच की हो. निळं पाणी, पांढरी बोट, पाण्यात उभे ऱ्हायलेले डोंगर. सोयाबीनचं बियाणं उचला, खत उचला अन् चला बेटं बघायला, जोडीनं. गेल्या खेपेलाबी हाच कागद हुता, नुस्ती बोट उजवीकडं तोंड करून हुती. तिकडं भिंतीवर बगा, गल्ल्याच्या वर — फोटो. गळ्यात पट्टा घातलेले हे, शेजारी तुमचे हैदराबादचे मोठे साहेब, मागं समुद्र. जोडीनं सत्कार हुता तो. म्या कुठं हाय त्यात? शोधू नका, न्हाय सापडायची. त्या वक्ताला म्या मागल्या बेटावर झाडाखाली बसलते, अनवाणी.

ह्यांनी तुमाला कसं सांगितलं? थांबा, म्याच सांगते, मला पाठ हाय. 'आमची मंडळी शंखशिंपले येचत येचत गेली पार कुठल्या कुठं, बोटीचा भोंगा झाला तरी पत्ता न्हाय, शेवटी थायलंडवाल्यांनी पार्सल करून पाठवली' — आसंच न्हवं? पार्सलवर जरा थांबत्यात, लोकांनी हसावं म्हणून. उमरग्याला माझ्या भाचीच्या लग्नात सांगितलं, पंगत बसलेली, माझे वडील, अप्पा, समोर. अप्पा हसले. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं हसून हसून. अन् म्या? म्याबी हसले की. पदर तोंडाला लावून हसले. तवा मला ठावंच न्हवतं काय झालतं ते, म्हणून हसले — न्हाय, खरं सांगू का, ठावं असतं तरी हसले असते. चारचौघात काय करणार.

तर ऐका. हे येईपर्यंत ऐका. ह्या दुकानात म्या बसते, हे तुमाला कुणी सांगितलं नसंल. हे बाहेरचं बघत्यात — उधारी, वसुली, तहसीलला चक्कर, चार लोकांत उठबस. शटर उघडल्यापास्नं इथं कोण असतंय? म्या. कुठल्या शेतकऱ्याच्या रानात कसली माती, कुणाची तूर मागल्या साली जळाली, कुणाला कुठलं वाण द्यायचं — त्यो माणूस ह्या फळीवर कोपर टेकून मलाच ईचारतो, 'श्रीदेवीअक्का, काय नेऊ?' सास्तूरपास्नं येत्यात लोक. मोठेपणा न्हाय सांगायले, जे हाय ते हाय. तुमच्या कंपनीनं तालुक्यात पहिला नंबर दिला, जोडीनं बोलावलं, तवा ह्यांनीच म्हणलं, 'चल, तुझ्या हातचंच हाय हे.' आसं म्हणलं त्यांनी. इथंच उभारून. मला लई बरं वाटलं. म्या सोलापूरला जाऊन दोन ड्रेस आणले, ह्या वयात, आरशात बगून एकटीच हसले — ते जाऊ द्या.

हैदराबादला जाऊन इमानात बसलो, तिकडं उतरलो, सगळं गोड हुतं हो. हे मला हाताला धरून सरकत्या जिन्यावर चढवायलेत, 'भिऊ नको, म्या हाय' म्हणायलेत. दुसऱ्या दिशी ती बेटांची बोट. सकाळी धक्क्यावर नेलं, समद्यांच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली — म्हंजी कोण कुठल्या बोटीचं ते कळावं — अन् चपला काढून एका मोठ्या टोपल्यात टाकायला लावल्या. बोटीत चपला चालत न्हाईत म्हणं. बोटीवर एक गाईड बाई, बारीक, उन्हानं करपलेली, नाव मे — आपल्या महिन्याचं नाव, म्हणून ध्यानात ऱ्हायलं. तिनं उलटीची गोळी वाटली. ह्यांनी म्हणलं, 'नको घेऊ, झोप येती त्यानं, फोटोत डोळे मिटलेले दिसत्यात.' म्या न्हाय घेतली.

यप्पा, ती बोट! बोट कसली, पाण्यावर आपटत जाणारं ट्रॅक्टरच. एक लाट गेली की धाड्, एक गेली की धाड्. पोटातलं पार गळ्याशी आलं. म्या तोंड फिरवायच्या आत — तुमच्या मोठ्या साहेबांची बॅग हुती समोर, पांढरी — तिच्यावर. झालं. बाया 'ई' करून बाजूला झाल्या. कुणीतरी दात काढले. मोठे साहेब चांगला माणूस, 'होतं होतं वहिनी' म्हणले. मे पळत आली, पाणी दिलं, पाठ चोळली. अन् हे? हे उठले अन् म्होरल्या बाकावर जाऊन बसले. मागं बगितलं न्हाय. म्या म्हणलं, लाजले आसतील. म्याबी लाजलेच हुते की. माझा ड्रेस भिजलेला, केसांच्या झिंज्या झालेल्या, अन् सगळ्या कशा टोप्या घालून, गॉगल लावून.

पहिलं बेट आलं. उतरलो. पांढरी वाळू, पाणी आसं की खालचे मासे मोजावेत. म्या चूळ भरली, जरा जिवात जीव आला. तवा हे आले जवळ. लई गोड बोलले. झाडाखाली सावलीत बसवलं अन् म्हणले, 'तू इथंच बस. पुढलं बेट जवळच हाय, आमी बगून येतो. बोट वळून इथंच येती, जेवण इथंच हाय. उगं परत हालअपेष्टा नको तुझ्या.' म्या म्हणलं, 'नक्की येती न्हवं?' तर म्हणले, 'आता काय लिहून देऊ का?' म्या बसले. का न बसावं? धनी सांगतोय. बोट सुटली तवा म्या हात हलवला. लांबनं एकानं हलवला, तो कोण हुता काय की.

बोट काय आली न्हाय.

दुसऱ्या आल्या — पिवळ्या पट्टीच्या, लाल पट्टीच्या, चिन्यांच्या, गोऱ्यांच्या. प्रत्येक बोट आली की म्या उठायचे, मनगटं बगायचे. हिरवी कुठंच न्हाय. अन् वाळू अशी तापली की पाय टेकवंना, चपला तर टोपल्यात गेलेल्या, बोटीबरोबर. फोन ह्यांच्या पिशवीत, पाणी लागंल म्हणून त्यांनीच ठिवलेला. हाटेलाचं नाव? सांगितलंच कुणी हुतं मला. तिथं एक नारळपाणीवाली हुती, माझ्याच वयाची. तिनं मला हाक मारून छपराखाली घेतलं. म्या तिला मराठीत सांगितलं, तिला कळंना. मग कानडीत सांगितलं — जसं काय कानडी तिला कळणार हुतं! पण माणूस घाबरलं की माहेरच्या भाषेत बोलतंय. तिनं नारळ फोडून दिला, पैसे कुठं हुते माझ्याकडं, तिनं हातानंच 'ऱ्हाऊ दे' केलं. आपल्या पायातल्या रबरी चपला काढून दिल्या. अन् स्वता अनवाणी फिरायली.

अन् म्या काय करत हुते ठावं हाय का? हसू नका हं आता. म्या ह्यांच्या नावानं रडत हुते. मला वाटलं, बोट उलटली. अजून आली न्हाय म्हंजी उलटली. ती आपटणारी बोट, ह्यांना पोहायलाबी येत न्हाय. म्या गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं, महादेवाला म्हणलं, येरमाळ्याच्या येडाईला म्हणलं — आई, माझा माणूस सुखरूप येऊ दे, पुरणाचा निवद घिऊन, खणानारळानं ओटी भरायला येते. माझी काळजी आलीच न्हाय मला. त्यांचीच आली.

ऊन कलल्यावर त्या नारळवालीनं एका लाल पट्टीच्या गाईडला थांबवलं, माझं मनगट त्याला दाखवलं. त्यानं कुठंकुठं फोन लावले. त्यांच्या बोटीत घेतलं मला, धक्क्यावर आमची मे उभारलेली — रडकुंडीला आलेली हो ती. माझे हात धरून सारखी काहीतरी म्हणायली, 'हजबंड, हजबंड' म्हणायली, अन् हात असा असा करायली. मला काय कळतंय. म्या म्हणलं, ह्यांना काही झालं! तशीच हाटेलला गेले, तर हे खोलीत. नाहून, पावडर लावून. मला बगून काय म्हणावं? 'कुठं गेलतीस? समद्यांना ताप दिलास.' म्या म्हणलं, 'तुमी झाडाखाली बस म्हणलाव न्हवं, बोट वळून येती म्हणलाव.' तर म्हणले, 'ऐनवेळी रस्ता बदलला, म्या काय करू? तुला हाका मारल्या, तू जाग्यावर न्हवतीस.' म्या जाग्यावरच हुते हो. हलले न्हवते. पण इतकं ठासून म्हणले की मलाच वाटलं, गेले असंन कुठंतरी. अन् पलंगाखाली माझ्या चपला. पिशवीत घालून, नीट बांधून आणलेल्या. टोपल्यातनं माझ्या चपला हुडकून आणल्या त्यांनी. तवा मला त्याचं कौतुकच वाटलं — बगा, चपला ध्यानात ठिवल्या. चपला ध्यानात ऱ्हायल्या.

माणूस सुखरूप हुता, म्हंजी नवस फेडायला पायजे. गावी आल्यावर पेरणीच्या गडबडीत ऱ्हायलं, दिवाळी झाली, मग एके दिशी गेले येरमाळ्याला, एश्टीनं, एकटीच. कळंबचे उमाशंकरशेट ठावं आसतील, तेबी डीलर, तेबी जोडीनं त्या बोटीत हुते. त्यांची बायको गायत्री आली भेटायला, म्याच कळवलतं तिला, म्हणलं देवीला जायले, भेटू. ओटी भरली, निवद दावला, अन् पायरीवर बसलो दोघी. तिनं ईचारलं, 'अक्का, नवस कशाचा?' म्या सांगितलं — ह्यांच्यासाठी, त्या दिशी बेटावर बोललते. अन् ती पोरगी रडायला लागली. म्या म्हणलं, अगं काय झालं? तर तिनं सांगितलं.

बोट सुटायच्या आधी मेनं डोकी मोजली. एक कमी. तिनं ईचारलं, ती हिरव्या ड्रेसवाली ताई कुठं? तर ह्यांनी सांगितलं — 'शी सिक. गो हाटेल. अदर बोट.' मेनं फिरून ईचारलं, 'शुअर?' ह्यांनी मान हलवली. बोट पुढल्या बेटावर गेली, अन् तिथनं सरळ परत जाणार हुती, वळणार न्हवतीच, सकाळपास्नं समद्यांना ठावं हुतं, ह्यांनाबी. तिथं वाळूवर सत्कार. मोठ्या साहेबांनी ईचारलं, 'अहो, वहिनी कुठंयत?' तर हे म्हणले, 'बरं वाटंना म्हणून पाठवलं तिला. तसंबी तिला ह्यातलं काय कळत न्हाय साहेब, दुकान सगळं मलाच बघावं लागतंय.' टाळ्या झाल्या. फोटो काढला. त्योच त्यो.

गायत्री म्हणली, 'मला वाटलं अक्का, खरंच पाठवलंय तुमाला. परत आल्यावर कळलं, तवा आमच्या ह्यांनी मला दम दिला, दुसऱ्याच्या घरात तोंड घालू नको.' म्या तिच्या पाठीवरनं हात फिरवला. दर्शन तर झालंच हुतं माझं. नवस फेडून झाला हुता.

तवापास्नं — म्या काय केलं? काय न्हाय. शटर उघडते, झाडू मारते, बसते. ह्यांना भाकरी वाढते. हे तीच गोष्ट सांगत्यात, म्या ऐकते. आता त्यात माकडंबी आल्यात, माकडांनी माझी पर्स नेली म्हणं. दर खेपेला म्या ह्यांच्या तोंडाकडं बगते. वाटतं, आज तरी 'पार्सल' म्हणताना जरा अडखळत्याल. न्हाय अडखळत. मला एक कळंना, साहेब — इसरले असते तर म्या समजून घेतलं असतं. माणूस इसरतो. पण ते जवळ आले, सावली बगून बसवलं, गोड बोलले. त्यांच्या आवाजात इतकं गोड म्या लग्न झाल्यापास्नं ऐकलं न्हवतं. त्या गोडव्याचं काय करू म्या? आता कवा गोड बोलले की माझ्या अंगावर काटा येतो. काल म्हणले, 'दमली असशील, पड जरा,' अन् म्या —

हे तुमाला का सांगायले म्या? तुमी कोण माझे? बियाण्याचं बोलायला आलाव. अप्पांना न्हाय सांगितलं, लेकीला न्हाय सांगितलं. त्या हसण्यामुळं झालं तुमच्या. गुमान पाणी प्याला असता तर —

गाडी आली वाटतं. व्हय, हेच.

या. हे लातूरचे साहेब, कंपनीचे नवे… व्हय, पाणी दिलंय… न्हाय, ते नका सुरू करू. बेटाचं झालं सांगून. म्या सांगितलं… समदं. बोटीत तुमी त्या मे बाईला काय सांगितलंत, तेबी. वाळूवर मोठ्या साहेबांना काय सांगितलंत, तेबी… गायत्रीनं. येरमाळ्याच्या पायरीवर… दिवाळीनंतर. व्हय, तवापास्नं ठावं हाय मला.

आता बोला की. एवढं लोकांना सांगत असता… साहेबांकडं काय बगायलाव? त्यांचा काय संबंध. बसा खाली.

न्हाय साहेब, तुमी न्हाय. तुमी निघा आता.