साईश निजला की लाइन जाते

(शनिवार, दुपारचे साडेतीन. विनोदिनी मुळगावच्या घरी कंप्युटरसमोर बसली आहे. तिची मुलगी समीक्षा नवरा प्रशांत आणि तान्ह्या साईशबरोबर इंग्लंडात. दोघी मोबाइलवर बोलताहेत.)

समीक्षा : ...नाही, वर नाही. पडद्याच्या अगदी खाली बघ. उजव्या कोपऱ्यात.

विनोदिनी : उजवो म्हणजे जेवूचो हात.

समीक्षा : हो गो. तिथे वायफायची खूण आहे का?

विनोदिनी : विंझण्यासारखी? वारो घालतत तशी? आसा.

समीक्षा : आणि बुधवारी तुटलं तेव्हा तिथे काय होतं?

विनोदिनी : तेव्हा विंझणो नव्हतो. जाळीचो गोल होतो, फुटबॉलासारखो. माका वाटला, पोरांचो खेळ असतलो कायतरी.

समीक्षा : तो गोल आला म्हणजे लाइन गेली, आई.

विनोदिनी : मगे आधी सांगूक नको? साईशबाब खंय?

समीक्षा : प्रशांतजवळ आहे, खुशीत. तू आधी माझं ऐक. केबलवाला येऊन गेला?

विनोदिनी : बाबली इलो होतो काल. सोप्यातल्या त्या डब्याचे दिवे बघल्यान, वायर हलवल्यान. ‘काकी, लाइन एकदम बरी आसा’ म्हणालो, चाय पिलो आणि गेलो.

समीक्षा : बरोबर सांगितलं त्यानं. आत्ता आपण बोलतोय तेही त्याच वायफायवर. अर्धा तास झाला, एकदा तरी तुटलं?

विनोदिनी : नाय.

समीक्षा : म्हणजे दोष कंप्युटरातच. मागच्या बाजूला मी ते काळं बोटभर लावून दिलंय, वायफाय पकडणारं. ते हललं नाही ना?

विनोदिनी : हलूक नाय. रोज पुसतंय. खाणीचे ट्रक परत सुरू झाले हत, सगळ्यार धूळ बसता.

समीक्षा : मग तू मोबाइलवरच का नाही बघत त्याला?

विनोदिनी : मोबाइलार तो बोटाएवढो दिसता. हंय खराच बाळाएवढो दिसता. डोक्यार केस किती इले ते पण कळता.

समीक्षा : आई... एक सांगू? प्रशांत म्हणतो, हे आता बंद करूया.

विनोदिनी : काय बंद?

समीक्षा : हेच. तू बघतेस आणि मी पलीकडच्या खोलीत निजते, ते. इथे एक यंत्र मिळतं. पाळण्याजवळ ठेवायचं. बाळ रडलं की आईच्या उशाशी वाजतं.

विनोदिनी : बुधवारी रडलो म्हणान?

समीक्षा : वीस मिनिटं रडत होता. तोंडावर फडकं ओढून घेतलेलं. मी आपली दार लावून मेल्यासारखी झोपलेले. तो हलला की तू फोन करतेस, म्हणून.

विनोदिनी : मी बसलेलंयच होतंय गो! जाग्यावरसून उठूक पण नाय. माझ्यासमोर तो निजलेलोच होतो.

समीक्षा : ते चित्र अडकलेलं होतं. लाइन गेलेली.

विनोदिनी : माका कसा कळतला? निजलेला बाळ तसाच दिसता, समीक्षा.

समीक्षा : कळतं मला. तुला बोल नाही लावत.

विनोदिनी : वीस मिनिटां मी चित्राक बघत बसलंय.

समीक्षा : आई.

विनोदिनी : घेवा ता यंत्र. ता डुलकी काढना नाय, त्याका भूक लागना नाय. प्रशांताचा बरोबर आसा.

समीक्षा : घ्यायचंच असतं तर इतका वेळ मी तुझ्याशी डोकं फोडत बसले असते? आता नीट आठवून सांग. तुटतं कधी?

विनोदिनी : साईश निजलो काय.

समीक्षा : आणि जागा असतो तेव्हा?

विनोदिनी : तेव्हा एकदाय नाय. तेव्हा मी ती बटणां दाबून बदकां पाठवतंय, फुलां पाठवतंय. तो हसता.

समीक्षा : आणि निजल्यावर काय करतेस?

विनोदिनी : काय करतलंय? बघतंय.

समीक्षा : नुसती?

विनोदिनी : मगे? हलू कशी? ही खुर्ची करकरता. वरचो पंखो पण बंद करतंय, घरघरता म्हणान.

समीक्षा : ह्या उकाड्यात? अगं, तो निजला की मी तुझा आवाज इकडे बंद करते. तू तिथे ढोल वाजवलास तरी त्याला ऐकू जाणार नाही.

विनोदिनी : माका खंय म्हायत? सांगलंस कधी?

समीक्षा : नाही सांगितलं. चुकलंच. बरं, माऊसला तरी हात लावतेस का मधे?

विनोदिनी : नाय बाबा. हात लावलो काय तो बाण येता, थेट त्याच्या तोंडार. डोळ्यात टोचल्यासारखो. बघवना नाय माका.

समीक्षा : आई, हेच कारण आहे. तू कशालाच हात लावत नाहीस ना, म्हणून कंप्युटरला वाटतं समोर कोणी नाही.

विनोदिनी : कोणी नाय? आणि मी बसलंय ती?

समीक्षा : त्याला बटणं दाबलेलीच कळतात, बसलेलं माणूस कळत नाही. समोर कोणी नाही म्हणून वीज वाचवायला तो वायफाय बंद करून टाकतो. कॉल चालू असताना खरं तर करू नये, पण जुनं मशीन आहे. माझ्या कॉलेजातलं.

विनोदिनी : शाणो मोठो.

समीक्षा : आता खाली जिथून सगळं सुरू होतं, त्या चार चौकोनांवर बाण ने. माऊसचा उजवा कान दाब. यादी येईल. तिच्यात डी-नं सुरू होणारं बघ.

विनोदिनी : डी, आय, एस...

समीक्षा : ते नको. डी, ई, व्ही.

विनोदिनी : आसा. दाबलंय. आवशीक खाऊ, केवढी ही नावां!

समीक्षा : नेटवर्क शोध. एन, ई, टी. त्याच्यावर दोनदा टकटक कर. त्याच्या खाली वायरलेस लिहिलेलं असेल. त्याच्यावरही दोनदा.

विनोदिनी : नवी चौकट इली.

समीक्षा : चौकटीच्या वरच्या कडेला पॉवर लिहिलेलं असेल. शेवटी. पी, ओ, डब्ल्यू...

विनोदिनी : पॉवर माका वाचूक येता. लायटीच्या बिलार असता. दाबलंय. हंय बारीक बारीक लिवलेला आसा. अलाव... द... कंप्युटर... टू टर्न...

समीक्षा : तेच. वीज वाचवण्यासाठी हे बंद करायची कंप्युटरला परवानगी आहे, असं म्हणतंय.

विनोदिनी : कोणी दिली परवानगी?

समीक्षा : कोणी नाही गो. दुकानातून येतानाच असते. त्याच्या आधी बरोबरची खूण आहे ना? ती काढ.

विनोदिनी : काढलंय.

समीक्षा : खाली ओके.

विनोदिनी : ओके. झाला?

समीक्षा : बघायला हवं. व्हिडिओ लावूया. वीस मिनिटं तू नेहमीसारखी बस, कशालाही हात लावायचा नाही. नाही तुटलं तर मी प्रशांतला सांगेन, यंत्र नको म्हणून.

विनोदिनी : आणि तुटला तर?

समीक्षा : तर उद्या दुसरं काहीतरी शोधू. लाव आता, मी फोन वाजवते कंप्युटरवर. हिरवं बटण दाब.

विनोदिनी : दाबलंय. दिसता. पण पाळणो रिकामो कसो गो?

समीक्षा : प्रशांत त्याला बाबागाडीत घालून बाहेर घेऊन गेलाय. आठ महिन्यांत पहिल्यांदा म्हणाला, दोन तास तुझे, जा झोप.

विनोदिनी : आणि त्यातलो एक माझ्याशी बोलण्यात गेलो.

समीक्षा : जाऊ दे. इथे असं बोलायला दुसरं कोण आहे? थांब, मोबाइल उचलून इकडे ठेवते. आता?

विनोदिनी : आता खाट दिसता. उशी. तुझे केस... कधी विंचरलंस गो?

समीक्षा : आता निजते मी. मोबाइल इथेच उभा ठेवलाय.

विनोदिनी : नीज, नीज. पण मी वीस मिनिटां बघू कोणाक? साईश तर नाय.

समीक्षा : माका.