त्रेचाळीस बाटल्या आणि नत्थूजी ठोंबरे

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्यवाह माननीय भैय्याजी, व्यासपीठावर विराजमान असलेले प्राचार्य बोंद्रे साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती नत्थूजी ठोंबरे, रामाकोन्याहून खास आलेल्या त्यांच्या सौभाग्यवती शकुबाई वहिनी, सहकारी बंधुभगिनींनो, आणि मागच्या दाराशी उभं राहून सटकायची संधी पाहून राहिलेल्या विद्यार्थ्यांनो!

प्राचार्यांनी काल मला बोलावून बजावलं, "डबीर, दोन गोड शब्द बोला, पाच मिनिटांत आटपा आणि खेकड्यांचं नाव काढू नका." आता मला सांगा, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाचा निरोप, बोलणारा प्राणिशास्त्राचा मास्तर, आणि खेकड्यांचं नाव काढायचं नाही? मग काय हवापाण्यावर बोलू? साहेब, माफ करा. या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की मी आणि नत्थूजी चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. पण का, ते निम्म्या लोकांना ठाऊक नाही, आणि उरलेल्यांना चुकीचं ठाऊक आहे. आज तेच सांगतो.

बहात्तर ते सत्त्याहत्तर मी आफ्रिकेत, झांबियात मास्तरकी केली. लोक तिकडून रेडिओ आणतात, घड्याळं आणतात. मी त्रेचाळीस बाटल्या खेकडे आणले. आमची सौभाग्यवती त्या दिवशी काय बोलली ते व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. हे गोड्या पाण्यातले खेकडे, ओढ्यांतले, नद्यांतले. पोटॅमोनॉटिस हे त्यांच्या वंशाचं नाव. तुम्ही म्हणाल, खेकडा तो खेकडा, त्यात काय एवढं? अहो, तिथंच तर सारी डोकेदुखी आहे! वरून पाहिलं तर सगळे सारखे. एका पंडितानं या एका वंशाचे डझनभर उपवंश पाडले, दुसऱ्यानं ते मोडीत काढले. पाठीवरची रेघ पाहा, डोळ्याजवळचा दात पाहा, नराच्या पोटाखाली दडलेल्या पायांची पहिली जोडी भिंगाखाली धरून तिचं टोक किती वाकलं ते पाहा. आणि एवढं करूनही हा खेकडा कुठल्या ओढ्यातला हे ठाऊक नसेल, तर सगळं मुसळ केरात. गावाचा पत्ता नसलेला खेकडा वर्गीकरणात कवडीमोल.

पत्ता बाटलीवर होता. माझ्या हातानं, काळ्या शाईत, इंग्रजीत लिहिलेला. सात वर्षं मी त्या बाटल्यांवर काम केलं. त्यातले सहा खेकडे एका लहानशा ओढ्यातले होते आणि ते कुणाशीच जुळत नव्हते. नवी जात, हो! सौंसरच्या कॉलेजात बसून आफ्रिकेतल्या खेकड्याला नाव द्यायचं, या विचारानं मला जेवण गोड लागत नव्हतं.

चौऱ्याऐंशीचा पोळा आला. मी सासुरवाडीला पांढुर्ण्याला गेलो. पोळ्यानंतरच्या आठवड्यात विद्यापीठाची समिती यायची होती. नत्थूजी शेतकऱ्याच्या घरचे. पोळ्याला ज्या घरात बैल घासूनपुसून सजवतात, त्या घरच्या माणसाला लॅबमधल्या कळकट बाटल्या पाहवतील काय? त्यांनी त्रेचाळीसही बाटल्या खाली उतरवल्या, राखेनं घासल्या, वरच्या चिठ्ठ्या हलक्या हातानं सोडवून खिडकीत वाळवल्या, मैद्याची खळ शिजवली आणि एकेक चिठ्ठी पुन्हा सरळ रेषेत चिकटवली. मोठ्या बाटलीला मोठी चिठ्ठी, लहान बाटलीला लहान. इंग्रजी त्यांना येत नाही. कपाटातही उंचीप्रमाणे रांग, शाळेतल्या कवायतीसारखी.

मी परत आलो आणि ती लखलखीत कपाटं पाहून म्हणालो, "शाब्बास नत्थूजी!" होय, मी शाब्बास म्हणालो. चिठ्ठ्या जागेवर, अक्षर माझं, मग शंका कशाची घ्यायची? समितीही खूश होऊन गेली.

पुढं पाच महिने मी त्याच चिठ्ठ्यांवर विसंबून मोजमापं घेतली, आकृत्या काढल्या आणि निबंध कलकत्त्याला एका जाणकारांकडे धाडला. त्यांचं उत्तर आलं चार ओळींचं. आपण एकाच ओढ्यातले म्हणून दाखवलेले खेकडे किमान तीन जातींचे आहेत, आपला संग्रह विश्वासार्ह वाटत नाही. मी तसाच लॅबमध्ये गेलो. "नत्थूजी, या चिठ्ठ्या कोणी काढल्या होत्या?" ते सरळ म्हणाले, "म्याच काढल्या होत्या सर. धुतल्या ना बाटल्या पोळ्याले. वाळवून बरोब्बर लावून देल्या."

मी काय काय बोललो ते ज्यांनी ऐकलं ते इथं बसलेले आहेत. विद्यार्थ्यांसमोर बोललो. नत्थूजी म्हणून राहिले होते, "सर, जरा माह्यं ऐकून तं घ्या." मी ऐकलं नाही. त्याच दिवशी लेखी तक्रार दिली. निष्काळजी, कामास अपात्र. त्यांची लॅब सुटली आणि ते फाटकावर घंटा वाजवायला बसले. चार वर्षं मी त्या फाटकातून आलो-गेलो. ते उठून नमस्कार करत. मी मान फिरवून जात असे.

आता खरी गोष्ट ऐका. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी काय लिहून देतो? नमुन्याची चिठ्ठी पेन्सिलीनं लिहावी आणि बाटलीच्या आत टाकावी. आत! बाहेर नाही. मग मी माझ्या बाटल्यांना बाहेर का चिकटवल्या? कारण माझं अक्षर सुंदर आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं ते पाहावं अशी मला हौस होती. दुसरं कारण नाही. ही गोष्ट मला पंच्याऐंशी सालीच कळली होती. तक्रार लिहिताना कळली होती. तरी मी सही केली.

गेल्या सोमवारी नत्थूजी लॅबमध्ये आले. जुनी एक किल्ली त्यांच्याकडे राहून गेली होती, ती द्यायला. माझ्याकडे न पाहता कपाटाकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "सर, हा तिथला नोहे. हा खालच्या फळीवर होता, तिसरा. अन् हा लंगडा त्याच्या बाजूले." मी म्हणालो, तुम्हाला काय ठाऊक? तर म्हणाले, "सात वर्षं रोज पुसल्या ना बाटल्या. आमच्या कन्हानच्या काठावर लहानपण गेलं माह्यं, खेकड्याचं तोंड मी इसरत नाही."

फळीवरचा क्रम माझ्या नोंदवहीत होता. कुठल्या फळीवर कितवी बाटली, कुठल्या ओढ्यातली, सगळं होतं. फक्त कुठला खेकडा कुठं उभा होता हे मला आठवत नव्हतं, आणि ते आठवणारा माणूस मी स्वतः फाटकावर बसवला होता. तीन तासांत आम्ही त्रेचाळीसपैकी एक्केचाळीस बाटल्या लावल्या. मी भिंगाखाली तपासल्या. एक चूक निघाली नाही. मी विचारलं, "अहो, हे तेव्हाच का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "तेच तं सांगून राहिलो होतो सर."

आणि त्या सहा खेकड्यांचं काय झालं? मागच्या वर्षी परदेशातल्या एका संशोधकानं तीच जात, त्याच ओढ्यातली, नाव देऊन छापली. आमच्याकडे तो अंक या महिन्यात पोहोचला. माझी अकरा वर्षं गेली, त्याचा संताप होतो, खोटं कशाला बोलू? झोप येत नाही. पण तो संताप नत्थूजींवर काढायची सोय आता उरलेली नाही.

भैय्याजी, हे पत्र मी आपल्या हाती देतो. माझी तक्रार मी मागे घेतली आहे आणि चूक कोणाची ते यात स्वच्छ लिहिलं आहे. नत्थूजींच्या सेवापुस्तिकेत ते आजच, ते घरी जाण्याआधी, लागावं एवढी विनंती.

आपण सर्वांनी इतका वेळ शांतपणे ऐकलंत, प्राचार्यांनी मध्ये एकदाही घंटी वाजवली नाही, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या शेवटी सभेची क्षमा मागायची आपल्याकडे पद्धत आहे. सभेनं मला आज मोकळं करावं, कारण मला ती एकाच माणसाची मागायची आहे, आणि तीही शकुबाई वहिनींच्या देखत.

नत्थूजी, तुम्ही सांगत होता आणि मी ऐकलं नाही. मला माफ करा.