उजव्या हातातलं सोनं

ओन पे: चपला, ऊ पो थित. आधी चपला काढा, मग काय भांडायचं ते भांडा. पॅगोडाच्या फरशीवर उभे आहात तुम्ही.

पो थित: काढल्या. पण हातातच ठेवतो. कप्तानसाहेबांच्या स्वागताला लागतील.

ओन पे: अहो, आज नवं छत्र चढतंय शिखरावर. सगळं हेंझादा गाव लोटलंय. मोहिंग्याच्या रश्श्याची पातेली चुलीवर आहेत, भिक्षू येऊन बसलेत. आजच्या दिवशी तरी तोंड आवरा.

पो थित: तोंड आवरायला मी काय तुमच्या विश्वस्त मंडळात आहे? कुठंय तो? हां, तो बघा, लाकडी पक्ष्याजवळ. ए ची ल्विन, हातात काय धरलंयस?

ची ल्विन: दिसतंय ना तुला.

पो थित: पदक. सोन्याचं. आणि ते छत्रावर लटकवायला निघालाय. ऊ ओन पे, हा पक्षी एकदा दोरावरून वर गेला की त्यातलं दान खाली कधी येतं?

ओन पे: खाली? खाली कशाला येईल? मागचं छत्र चढलं तेव्हा माझे आजोबा तरुण होते. आता हे चढेल ते आपल्या नातवंडांच्या म्हातारपणापर्यंत.

पो थित: म्हणून आलोय मी. आज हे वर गेलं की माझ्या भावाचा हक्क कायमचा वर गेला. या माणसाच्या नावाने.

ची ल्विन: दोरापासून बाजूला हो, पो थित. माणसं गाठ बांधतायत.

पो थित: नाही होत. ऊ ओन पे, तुम्ही तांदळाचे व्यापारी, तुम्हाला फुटबॉलमधलं काही कळत नाही.

ओन पे: कळतं की थोडंफार. चेंडू जाळ्यात गेला की गोल.

पो थित: तेवढं पुरे आहे. पिनांगची स्पर्धा. आपल्या देशाची पोरं अंतिम सामन्यात, समोर कोरिया. तेव्हा आपण म्हणजे कोण होतो माहीत आहे ना? बँकॉक असो नाहीतर सेऊल, आपल्या पोरांचं विमान उतरलं की यजमान म्हणायचे, चला, आता दुसरा नंबर कोणाचा ते बघू.

ची ल्विन: तू कधी विमानात बसलास?

पो थित: मी नाही बसलो. मी इथे चहाच्या दुकानात रेडिओला कान लावून बसलो होतो. एक गोल खाल्ला होता आपण. सामना संपत आला तेव्हा डावीकडून माझा भाऊ घुसला. थाउंग न्यान. त्याने चेंडू मारला आणि त्याच वेळी त्यांच्या बॅकने त्याच्या नडगीवर बूट घातला. गोल झाला आणि हाड मोडलं. चेंडू आत गेलेला त्याने पाहिलासुद्धा नाही, ऊ ओन पे. पुन्हा कधी खेळला नाही तो. जन्मभर जेटीवर तिकिटं फाडली.

ओन पे: माझंसुद्धा तिकीट फाडलंय त्याने. लंगडत यायचा. फार गोड माणूस.

पो थित: सामना बरोबरीत. मग दोघंही विजेते. करंडक सहा महिने इथे, सहा महिने तिकडे. पण पदकं? विजेत्यांची सोन्याची आणि हरलेल्यांची चांदीची, एवढीच करून ठेवलेली. दोन विजेते होतील हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. मग दोन्ही संघांना अर्धी सोन्याची, अर्धी चांदीची, आणि म्हणाले तुमचं तुम्ही वाटून घ्या.

ओन पे: हे बरं आहे. एकाच घरात एकाला मासा, एकाला काटे.

पो थित: आपल्यांनी हॉटेलात चिठ्ठ्या टाकल्या, प्रशिक्षकाच्या टोपीत. माझा भाऊ दवाखान्यात, पाय प्लास्टरमध्ये. त्याची चिठ्ठी कोणी उचलली? या कप्तानाने. दोन्ही हात टोपीत घातले, दोन चिठ्ठ्या काढल्या. एक स्वतःची, एक थाउंगची. आणि काय योगायोग बघा, कप्तान सोनं घेऊन घरी आला आणि पाय मोडलेला पोरगा चांदी घेऊन.

ची ल्विन: झालं सांगून? रोज चहाबरोबर सांगतोस, आज इथे येऊन सांगितलंस.

पो थित: नाही झालं. खरं तर आता सुरू होतंय. गोलकीपर लू दिन गेला ना गेल्या महिन्यात? जायच्या आधी मला बोलावून घेतलं त्याने. म्हणाला, चिठ्ठ्या उघडायच्या आधी कप्तान सगळ्यांसमोर बोलला होता, उजवा हात थाउंगचा, डावा माझा. आणि सोनं निघालं ते उजव्या हातात. आता नाही म्हण. पॅगोडासमोर उभा आहेस, खोटं बोलून दाखव.

ची ल्विन: लू दिन खरं बोलला.

पो थित: काय?

ची ल्विन: उजवा हात थाउंगचा होता. सोनं उजव्या हातात होतं.

पो थित: ऐकलंत? ऐकलंत ना, ऊ ओन पे? इतकी वर्षं मी ओरडतोय आणि लोक मला खुळ्यात काढतात.

ओन पे: ऊ ची ल्विन, हे मग अवघड झालं. दुसऱ्याची वस्तू छत्रावर चढवता येत नाही. पुण्य राहिलं बाजूला, मंडळालाही दोष लागायचा.

ची ल्विन: वस्तू कोणाची आहे ते मला माहीत आहे.

पो थित: हे बघा. हे पण बघा. पिशवीत घालून आणलंय, त्याच्या तोंडावर फेकायला. चांदीचं. माझ्या भावाने हे कधी भिंतीवर लावलं नाही. मी विचारलं की म्हणायचा, आहे कुठेतरी. तो गेला त्याच्या सातव्या दिवशी भिक्षूंच्या जेवणासाठी मी रांजणातून तांदूळ काढत होतो, तर तळाशी हे. फडक्यात बांधून, दोऱ्याने आवळून. इतकी लाज वाटायची माझ्या पोराला. स्वतः मारलेल्या गोलाची चांदी त्याला तांदळात पुरून ठेवावी लागली.

ची ल्विन: तांदळाच्या रांजणात होतं?

पो थित: हो, रांजणात. हसतोस काय?

ची ल्विन: हसत नाही.

पो थित: मी आई-बापाच्या माघारी वाढवलं त्याला. खांद्यावर बसवून मैदानावर नेलं. त्याचा पहिला चेंडू मी चिंध्या आवळून केला होता. आणि तू, ज्याला तो कप्तान कप्तान करत फिरायचा, तू त्याच्या मोडक्या पायाचा फायदा घेतलास.

ओन पे: अहो, जरा हळू. भोंगा चालू आहे, बाहेर ऐकू जाईल.

पो थित: जाऊ दे. मी या दोरावर आडवा पडतो. माझ्या अंगावरून न्या तुमचा पक्षी.

ओन पे: आडवे पडू नका, फरशी तापलीय. ऊ ची ल्विन, मुहूर्त जवळ आलाय, मला भोंग्यावर दात्याचं नाव घ्यायचंय. काय म्हणू मी?

ची ल्विन: थाउंग न्यान.

पो थित: आता? मी चपला घेऊन आलो म्हणून आता?

ची ल्विन: पदक उलटं करा, ऊ ओन पे. मागे पत्रा बांधलाय.

ओन पे: थांबा, चष्मा. "पिनांगचा गोल मारणाऱ्या थाउंग न्यान याच्या पुण्यासाठी." कोरलेलं आहे हो, ऊ पो थित. कोरलेल्यात शेंदूरसुद्धा भरलाय. हे काही आज सकाळचं काम नाही.

पो थित: म्हणजे चोरी कबूल. चोरी पचली नाही, म्हातारपणी नरकाची भीती वाटली, म्हणून पत्रा कोरून आणला.

ची ल्विन: नाव लागलं ना त्याचं? तुझं काम झालं. जा, मोहिंगा खा आणि घरी जा.

पो थित: असा नाही जाणार. भोंग्यावर म्हण, मी चोर आहे.

ची ल्विन: नाही म्हणणार.

पो थित: का? मग त्याचं सोनं तुझ्या घरात कसं गेलं? उडत गेलं?

ची ल्विन: त्याने कोणाला सांगू नको म्हटलं होतं.

पो थित: वा. आता मेलेल्या माणसाच्या नावावर वाटेल ते खपव. त्याला उठून बोलता येत नाही म्हणून.

ची ल्विन: पो थित, गप्प बस. अजूनही सांगतो, गप्प बस आणि जा.

पो थित: सांगायला काही नाहीच तुझ्याकडे. भित्रा. पेनल्टीच्या वेळीसुद्धा मागे जाऊन उभा राहायचास, सगळं गाव जाणतं.

ची ल्विन: थाउंगचे बूट कुठे गेले होते?

पो थित: कुठले बूट?

ची ल्विन: बँकॉकहून आणलेले. भत्ता साठवून घेतलेले. काळे, पांढरी पट्टी असलेले. पिनांगला निघायच्या आधी तो चार दिवस घरी येऊन गेला आणि शिबिराला परत आला तो चपला घालून. मी विचारलं तर म्हणाला, बोटीवर चोरीला गेले.

पो थित: गेले असतील.

ची ल्विन: कोंबड्यांच्या झुंजीवाल्या म्यिंट थाइनचा मुलगा पुढचा सगळा उन्हाळा तेच बूट घालून गावात फिरत होता. ते काय चोराकडून विकत घेतले असतील त्याने?

पो थित: मी... ते मी सोडवून आणणार होतो. थोड्या दिवसांचा प्रश्न होता.

ची ल्विन: अंतिम सामना तो लू दिनच्या जुन्या बुटांत खेळला. पुढे चिंध्या कोंबून.

पो थित: म्हणजे बूट मोठे होते म्हणून पाय मोडला, असं म्हणायचंय तुला? माझ्यामुळे?

ची ल्विन: मी नाही म्हणालो. तोही कधी म्हणाला नाही.

ओन पे: ऊ ची ल्विन, पुरे आता. म्हातारे झालात दोघंही.

ची ल्विन: यालाच ऐकायचं होतं, ऐकू दे. चिठ्ठ्या झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो मी. सोनं त्याच्या हातात दिलं. बराच वेळ बघत बसला. बोटाने पदकावरचा खेळाडू चाचपला. मग म्हणाला, कप्तान, हे तुझ्याकडे ठेव आणि तुझं चांदीचं मला दे. मी म्हटलं, शुद्धीत आहेस का? तर म्हणाला, सोनं आमच्या घरात टिकायचं नाही.

पो थित: असं नाही म्हणाला तो.

ची ल्विन: म्हणाला. आणि म्हणाला, पण दादाला हे कळू देऊ नकोस. त्याने मला वाढवलंय, त्याला फार लागेल.

पो थित: बनवतोयस.

ची ल्विन: मला काय पडलंय बनवायला? गावाने मला चोर म्हटलं, माझ्या मुलीच्या लग्नात तू मांडवाबाहेर उभा राहून ओरडलास. दर वर्षी वर्षावास संपला की थाउंग माझ्याकडे यायचा, पदक हातात घ्यायचा, फडक्याने पुसायचा, परत ठेवायचा. दर वेळी मी म्हणायचो, आता तरी घेऊन जा. म्हणायचा, पुढच्या वर्षी. दादा आता कोंबड्यांवर पैसे लावायचा थांबलाय, पुढच्या वर्षी नेतो.

पो थित: थांबलो होतो मी. मधे मी खरंच थांबलो होतो.

ची ल्विन: ते तो पण सांगायचा. तुझ्यासारखंच सांगायचा, अगदी खात्रीने.

ओन पे: पण काय हो, सोनं तर तुमच्याकडे होतं. मग साधं चांदीचं पदक त्याने रांजणाच्या तळाशी कशाला... असो. असो. मुहूर्त झाला. बाजूला व्हा, मी नाव घेतो. भोंगा वाढवा रे जरा. पिनांगचा गोल मारणारे, आपल्या हेंझादाचे, डाव्या बाजूने खेळणारे थाउंग न्यान, त्यांच्या पुण्यासाठी सोन्याचं पदक. सगळ्यांनी साधू म्हणा.

(घंटा वाजते. दोर करकरतो आणि लाकडी पक्षी पदक घेऊन हळूहळू शिखराकडे सरकतो. खालून लोकांचा "साधू, साधू, साधू" असा आवाज उठतो.)

ओन पे: ऊ पो थित, तुम्ही नाही म्हणालात.

ची ल्विन: राहू द्या त्याला.

पो थित: साधू.

ओन पे: तीनदा म्हणायचं असतं.

पो थित: माहीत आहे मला. साधू. साधू.

ओन पे: झालं. पुण्यात सगळ्यांचा वाटा. चला आता, मोहिंगा निवतोय. दोघांनी एका पंगतीत बसलंच पाहिजे असं नाही.

पो थित: ची ल्विन.

ची ल्विन: आता काय?

पो थित: हे चांदीचं. डाव्या हाताचं. म्हणजे हे तुझं.

ची ल्विन: मला नको. तुझ्या घरातलं काहीच मला नको. त्याचं म्हणून ठेव.

पो थित: नाही, तू घे. शिव्या दे, थुंक माझ्यावर, पण हे घेऊन जा.

ची ल्विन: का?

पो थित: ते माझ्यापासून लपवून ठेवणारं आता घरात कोणी राहिलं नाही.