आमच्या घरातला फॉल्ट

— नाही हो, झाकण बंदच असतं त्याचं, तसाच चालतो तो. पण तुम्ही उघडा, बघायचं असेल तर खुशाल उघडा. फक्त जरा जपून, डावीकडची बिजागरी ढिली आहे. मुलीचा कॉलेजातला लॅपटॉप हा, बारा वर्षं तरी झाली असतील. ती टाकूनच द्यायला निघाली होती, यांनी तिच्या हातातून काढून घेतला. म्हणाले, याच्यातून घरभर गाणी वाजवून दाखवतो. आणि दाखवली. तो काळा डबा आहे ना राउटरपाशी, त्याच्यात सगळी गाणी, हा तिथून उचलणार, आणि हॉलमध्ये, स्वयंपाकघरात, आतल्या खोलीत, पाहिजे तिथे वाजवणार. हे खुर्चीत बसून फोनवरून नुसता हुकूम सोडणार. चाळीस वर्षं टेलिफोनच्या लायनीवर काढली यांनी, फॉल्ट शोधण्यात. खांबावर चढायचं, खड्ड्यात उतरायचं. दुसऱ्या कुणाला सापडला नाही की मग यांना बोलवायचे. तेव्हा हे असलं काही म्हणजे यांच्या डाव्या हातचा मळ.

कधी बंद पडतो? सकाळी. साडेनऊच्या सुमाराला. रोज नाही — आठवड्यातून तीनदा, कधी चारदा. आधी गाणं थांबायचं, मग फोनवर यायचं की लॅपटॉप सापडत नाही. आणि तासाभराने आपोआप सुरू. हे फिरून यायचे तोवर ठणठणीत. काल? नाही, काल नाही. परवाही नाही. खरं सांगायचं तर — दोन महिन्यांत एकदाही नाही. हो, दोन महिने. मग तुम्हाला का बोलावलं — तुमचं बरोबर आहे. तुम्ही चहा घ्या ना आधी. निवतोय.

राउटर नवा आहे. डब्यातली डिस्क बदलली. या लॅपटॉपमधली सगळी सिस्टीम पुसून दोनदा नवी घातली, दोन्ही वेळा दोन-दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. घरातल्या प्रत्येक यंत्राला म्हणे एक नंबर असतो, तो बदलला की एकमेकांना सापडत नाहीत, तर तो नंबरसुद्धा कायमचा बांधून टाकला. राउटरपासून लॅपटॉपला येते ती केबल तीनदा बदलली. जुन्या त्या खालच्या खणात आहेत, टाकत नाहीत हे काही. बघा की.

जीभ? कसली जीभ? ती प्लॅस्टिकची, खटका बसतो ती — हो, तुटलीय. तिन्हींची? आणि आता लावलेल्या चौथीचीही? काय सांगता. उंदीर? नाही, उंदीर नाहीत आमच्याकडे. कापल्यासारखी दिसते म्हणता — असेल. तुमची नजर चांगली आहे. यांना नाही दिसलं ते. म्हणजे, दिसलं असणार, पण यांच्या मनात तसलं काही येणारच नाही, घरात कोण कापणार, आम्ही दोघंच तर आहोत.

नखं कापायच्या कात्रीने कापली. मी.

असं बघू नका हो. दार लावू का ते, शेजारी ऐकतात. आता निघालंच आहे तोंडातून तर ऐकून घ्या, पाच मिनिटं. मी बालवर्गाची बाई होते. एकतीस वर्षं. चाळीस-चाळीस पोरं, एक रडायला लागलं की सगळी रडायची. निवृत्त झाले तेव्हा मला काय पाहिजे होतं माहितेय? काही नको होतं. शांत बसायचं होतं. सकाळची कामं झाली की चहा घेऊन त्या खिडकीपाशी बसायचं, कुणी काही बोलायचं नाही, बस. आणि सहा महिन्यांत हे निवृत्त झाले आणि हे सुरू झालं. सकाळी सातला सुरू, थेट जेवणापर्यंत. मी भांडी घासतेय तर डोक्यावर गाणं, कपडे वाळत घालतेय तर गाणं. वर हे दारात येऊन विचारायचे, ‘ऐकतेस ना? बासरी नीट येतेय ना त्या कोपऱ्यात?’ — सांगायचं होतं ना मग, हेच म्हणाल तुम्ही. तर ते तसं नाही. लग्न झालं त्या वर्षी कधीतरी मी म्हणाले होते, स्वयंपाकघरात एक रेडिओ असता तर बरं झालं असतं. मी विसरूनही गेले होते. हे नाही विसरले. पहिलं गाणं वाजलं त्या दिवशी म्हणाले, ‘तुझा रेडिओ. जरा उशीर झाला.’ आता सांगा, या माणसाला कसं म्हणायचं, की बंद करा ते.

पहिल्यांदा खरंच चुकून झालं. धूळ पुसत होते, फडकं अडकलं, केबल जराशी बाहेर आली. पूर्ण नाही, एवढीशी, नखाएवढी. बघितलं तर वाटेल लागलेलीच आहे. आणि याची गंमत अशी की लगेच बंद होत नाही. अर्धा मिनिट चालतं अजून, मग थांबतं. तोवर मी स्वयंपाकघरात पोचले होते. आणि एकदम — काय सांगू तुम्हाला, फ्रिजचा आवाज ऐकू आला. खाली कुणीतरी गाडी धुत होतं, त्या पाण्याचा आला. मी ओट्याला टेकून उभी राहिले नुसती. हे इकडे खटपट करत होते, मग वैतागून फिरायला गेले. मी केबल आत ढकलली. पुढच्या आठवड्यात पुन्हा. या वेळी चुकून नाही. खटक्याची केबल बसली की निघत नाही नुसती ओढून, म्हणून ती जीभ कापली. यांनी नवी आणली, तीही कापली.

मला वाटायचं, यात काय मोठंसं. उलट यांना काम मिळालं. खरंच. फॉल्ट सापडत नाही म्हटल्यावर यांच्या अंगात जी काय तरतरी आली — वही घातली एक, तारीख, वेळ, काय तपासलं, काय निघालं. मला जेवताना सांगायचे, हा येतो-जातो फॉल्ट आहे, हा सगळ्यात वाईट, कायमचा तुटलेला बरा. मी ताटात बघून हं हं करायचे. मनात हसूही यायचं कधी. हसू यायचं, हे लपवत नाही तुमच्यापासून.

मग एक दिवस हे केबलपाशीच खुर्ची टाकून बसले. हलेचनात. मग मी काय केलं, तो ॲम्प्लिफायर आहे ना, त्याचं ते मोठं बटण — येता-जाता एक घर पुढे फिरवलं, की गाणं बंद. तिथे केबल नाही, काही नाही, सरळ दिसतं की बटण फिरलंय. हे मागून उठून आले, बघितलं, आणि मला विचारलं, ‘तू हात लावलास का याला?’ साधं विचारलं, रागाने नाही. मी म्हणाले, ‘मी कशाला लावतेय.’ लगेच म्हणाले. जरा थांबलेसुद्धा नाही. यांनी बटण परत जागेवर आणलं. म्हणाले, ‘मग मीच फिरवलं असणार.’

तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हाच. पण मी आणखी दोनदा फिरवलं ते बटण. का ते मला विचारू नका. एकदा ‘नाही’ म्हटल्यावर बटण पुन्हा कधीच फिरलं नसतं तर संशय आला असता, असं काहीतरी होतं डोक्यात. नंतर मी वही उघडली. आधीची पानं कशी, अक्षर मोत्यासारखं, राउटर तपासला, ठीक, नंबर तपासला, ठीक. आणि शेवटच्या पानावर — ‘बटण मीच फिरवतो बहुतेक. आठवत नाही. आणखी काय काय विसरतोय?’ त्याच्याखाली काही नाही. वही संपलेली नाही, पण काही लिहिलेलं नाही पुढे.

त्या दिवसापासून मी हात लावलेला नाही. शप्पथ. हेच ते दोन महिने. पण आता हेच गाणी लावत नाहीत. मी म्हणते लावा ना काहीतरी, तर म्हणतात, ‘नको, मी हात लावला की काहीतरी बिघडतं.’ स्कूटरची किल्ली मुलीला देऊन टाकली. गॅस बंद आहे का ते चारदा बघून येतात. दाराला कागद चिकटवलाय, बघितलात ना येताना, ‘किल्ली, चष्मा, फोन’. एवढा माणूस, ज्याला शहरातला प्रत्येक खांब पाठ होता. घर इतकं शांत आहे, की मलाच बसवत नाही आता खिडकीपाशी.

तर तुम्ही एवढंच करायचं. आतला कुठलातरी पार्ट काढा, ठेवा टेबलावर, आणि यांना सांगा, हा खराब होता, पहिल्यापासून. तो लॅपटॉपच जुना आहे, तुमच्यासारख्या माणसाने सांगितलेलं पटेल यांना. बटणाचंही काहीतरी सांगा, सैल होतं, आपोआप फिरायचं. चालेल ना? तुम्हाला खोटं बोलायला लावतेय, कळतंय मला. पण कुणाचं नुकसान नाही ना यात. उलट तो माणूस सुटेल.

कुठे गेलेत? ते — दवाखान्यात. मुलीबरोबर. नाही, ताप-बीप नाही. डोक्याचा फोटो काढायचाय म्हणे, आज तारीख मिळाली. तिनेच हट्ट धरला. ती तीन आठवड्यांपूर्वी घेऊन गेली ना आम्हाला, विस्मरणाचे कुणी मोठे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे. यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. हे सगळं बरोबर करत होते हो. डॉक्टरसुद्धा म्हणाले, तसं बरंच ठीक आहे. मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘घरात तुम्हाला काही जाणवतं का?’

मी ‘हो’ म्हणाले.

‘हो, थोडंसं,’ म्हणाले. मुलगी शेजारी बसली होती, बटणाचं यांनी तिला सगळं सांगितलेलं. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, की मग बटण कोण फिरवतं. यांनी माझ्याकडे बघितलं. वाईट वाटून नाही, त्याचंच तर — असं बघितलं, जसं मी फार दिवस लपवून ठेवलं होतं यांच्यासाठी, यांना लागू नये म्हणून. परत येताना रिक्षात माझा हात धरला. म्हणाले, ‘तुला त्रास होतोय माझ्यामुळे.’

हे मी कुणाला बोलले नव्हते. मुलीलाही नाही. तुम्हालाही बोलायचं नव्हतं, पार्टपुरतंच बोलायचं होतं.

गोळ्या? हो, दिल्यात ना. सकाळी एक, झोपताना एक. झोप येते दिवसभर, खुर्चीतच मान पडते. ते — पार्ट बदलला म्हणजे गोळ्या कशा थांबतील, हेच ना तुमचं? ते मला कळतंय. मलाही रोज कळतं ते, गोळी हातावर ठेवते तेव्हा. मी म्हटलं, आधी हे एवढं होऊ दे, मग हळूहळू डॉक्टरांना सांगू, की आता बरं वाटतंय यांना, म्हणजे कुणालाच काही —

नाही, तुमचं चूक नाही. आवरा तुम्ही, तुम्हाला नाही जमायचं हे, दिसतंय मला. स्क्रू परत लावताय ते बरं करताय. माझ्या जागी तुमची आई असती तर तिला काय म्हणाला असता? राहू दे, नका सांगू.

लिफ्ट आली. आमचीच. यांचा खोकला आहे तो. लवकर आले, मला वाटलं होतं साडेपाच होतील. नाही, तुम्ही काही बोलू नका. पार्टचं काही काढू नका. बॅग उचला फक्त.

या. झालं का? किती वेळ निजवलं त्या यंत्रात? — हे लॅपटॉपवाले, मी बोलावलं होतं. नाही, काही निघालं नाही त्यांना. निघणार नाही. चिमणे, बाबांची फाइल ठेव खाली आणि तूही बस. हो, आत्ताच. चपला राहू द्या हो, नंतर काढा. इथे बसा, माझ्यासमोर.

दादा, तुम्ही निघा आता. दार ओढून घ्या.