कचेरीतलं शवासन

ऑफिसात व्यायाम हवा म्हणताय? अहो, धुळ्याला आमच्या कचेरीत तो साहेबांच्या हुकमानं चालायचा! नवे साहेब पहाटे पळणारे. म्हणाले, "रोज दुपारी तीनला योगासनं. अंगातला आळस गेला, की कामं भराभर होतील."

बाकीची आसनं आम्ही कशीबशी उरकायचो. पण शवासन असं जमलं, की हेडक्लार्क नाना त्यात चक्क घोरायचे.

एकदा नाशिकहून मोठे साहेब खास हे बघायला आले. आम्ही सगळे पंख्याखाली सतरंजीवर आडवे. तेवढ्यात दारात साक्रीकडचे एक आबा उभे. विहिरीच्या मंजुरीसाठी हेलपाटे घालून बिचाऱ्यांच्या चपला झिजलेल्या.

आमच्या साहेबांना चेव आला. "आबा, तुम्ही नेहमी येता. व्यायाम सुरू झाल्यापासून आमच्या माणसांत काही फरक पडला का? सांगा यांना!"

आबांनी आम्हाला या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं.

"शे ना साहेब, फरक शे. पहिले यासले खुर्चीवर झोपनं पडे. बिचारासन्या माना आखडी जायेत. तुम्ही सतरंजीनी सोय करी दिन्ही!"